एका खात्याची अकरा गावं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मी चार दिवस हिंडलो, ते एका विद्यार्थिनीला पकडायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही डोंगर, भाकऱ्या आणि उसाचे मळे रंगवले तरी मी सहलीला गेलो होतो असा कुणाचा समज व्हायला नको. माझ्या खिशात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं, बॅगेत 'गोपनीय' असा शिक्का मारलेला लिफाफा होता आणि मनात, खरं सांगायचं तर, थोडी ऐटही होती.

मी संख्याशास्त्र शिकवतो. मूळचा कोकणातला, खेडच्या पलीकडचा, नोकरीसाठी पुण्यात. आमच्या विद्यापीठाने (कोणतं ते विचारू नका, मला अजून नऊ वर्षं नोकरी करायची आहे) यंदा सगळ्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक मदतनीस दिला. त्याचं नाव 'सोबती'. मोबाइलवर उघडायचा, मराठीत विचारायचं, मराठीत उत्तर घ्यायचं. दूरशिक्षणाच्या मुलांना तर तो फारच उपयोगाचा, कारण त्यांना ना वर्ग असतो ना शंका विचारायला मास्तर. पण कोणतीही नवी वस्तू आली की आपल्याकडे तिच्यामागून समिती येते. तशी 'गैरवापर प्रतिबंध समिती' आली, आणि आकड्यांचा माणूस म्हणून मलाही तिच्यात ओढलं.

नियम साधा होता: एक विद्यार्थी, एक खातं. आपलं खातं दुसऱ्याला वापरू द्यायचं नाही. कुणी हा नियम मोडतोय का, हे संगणक आपला आपण शोधायचा आणि संशयितांची यादी काढायचा. त्या यादीत पहिलं नाव होतं रूपाली. बी. ए., तिसरं वर्ष, समाजशास्त्र, पत्ता आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीचा. तिचं खातं दोन महिन्यांत अकरा गावांतून उघडलं गेलं होतं. खंडाळ्याकडे तीन दिवस, मेढ्याच्या बाजूला चार, मग कुठे दोन, कुठे तीन, शेवटी रहिमतपूर. वेळ मात्र कायम दुपारी बारा ते तीन. आणि प्रश्न तरी किती तऱ्हेचे! कुटुंबसंस्थेवर टीप, पाचवीच्या मुलीचे अपूर्णांक, मेंढीच्या खुरात पू झाला तर काय करावं, फौजेतल्या माणसाची रजा वाढवायला अर्ज कसा लिहावा. हे सगळं एकच बाई विचारते, हे समितीतल्या कुणालाच पटेना. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की कुणी तरी आठवडी बाजारात बसून हे खातं भाड्याने देतोय. मला झेरॉक्सवाल्यांचा संशय होता.

तिला खुलासा मागणारी तीन रजिस्टर पत्रं पाठवली. तिन्ही 'घर बंद' असा शेरा घेऊन परत आली. मग ठरलं की शनिवारपर्यंत समाधानकारक खुलासा मिळाला नाही, तर खातं बंद करायचं आणि तिचा परीक्षेचा अर्जही नाकारायचा. त्याआधी एका सदस्याने जागेवर जाऊन चौकशी करावी, फोन मात्र करू नये, नाही तर आरोपी सावध होईल. सदस्य म्हणजे मी. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा हे सगळं आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

खंडाळा, सोमवार

लोणावळ्याजवळचं ते खंडाळा वेगळं. हे सातारा जिल्ह्यातलं, नीरा ओलांडली की लागणारं. गाडी भाड्याची होती आणि चालवायला होते हवालदार शिंदे. चोवीस वर्षं फौजेत काढून परतलेले, रहिमतपूरजवळच्या एका गावचे ऊसवाले शेतकरी. शेती मुलगा बघतो आणि हे स्वतःची गाडी चालवतात, कारण घरात बसलं की गुडघे दुखतात म्हणे. पाठ ताठ, मिशी ताठ.

“कंच्या मोहिमेवर, सर?” निघताना त्यांनी विचारलं.

“गोपनीय आहे.”

“समजलो,” असं म्हणून त्यांनी गाडी चालू केली आणि पुढचे दोन दिवस त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. फौजेची शिस्त आवडते मला. पुढे तिने माझा केवढा घोटाळा केला, ते येईलच.

रिवाजाप्रमाणे आधी तिथल्या महाविद्यालयात गेलो. प्राचार्यांनी नारळ दिला आणि एक कागद काढून वाचला: “ज्ञानगंगेच्या या पावन तीरावर आपल्या पदस्पर्शाने आमचा परिसर पुलकित झाला आहे.” मी भारावून गेलो. कोकणात पाहुणा आला तर आम्ही आधी 'कधी जाणार' ते विचारतो.

मग बाजारपेठेतली झेरॉक्सची चार दुकानं पालथी घातली. रूपालीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी कोण गावचं?”

“कोकणातला.”

“पुलीस हाय का?”

“छे. प्राध्यापक.”

“मग पुलिसागत का इचारताय? बसा, च्या घ्या आन सरळ सांगा काय पायजे त्ये.”

इथली माणसं प्रश्न असा समोर आणून ठेवतात. आमच्याकडे याच वाक्याला तीन वळणं आणि एक खाकरणं लागलं असतं. मी चहा घेतला, पण सरळ काही सांगितलं नाही. गोपनीय होतं ना.

जेवायला हमरस्त्यालगतच्या खाणावळीत शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी. पहिला घास अमृत. दुसऱ्या घासाला कानांतून वाफा निघायला लागल्या. मी घाईघाईने मोबाइल काढून माझ्या खात्यावरच्या सोबतीला विचारलं, तिखट लागल्यावर काय करावं. त्याने दूध प्यायला सांगितलं. शिंदे हे कौतुकाने बघत होते.

“ह्येला काय बी इचारता येतं व्हय? मग उसातल्या हुमणीचं इचारा की. लय सतवलंय तिनं.”

ऊस मुळातून खाणारी ती अळी. मी विचारलं, सोबतीने सविस्तर सांगितलं. शिंद्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि “माणूस हुशार हाय” असा शेरा दिला.

मेढा, मंगळवार

खंबाटकीचा घाट ओलांडून पाचवडपर्यंत हमरस्ता, मग उजवीकडे वळून जावळीच्या डोंगरांत. वळलं की रस्त्याची नियतच बदलते. फाल्गुनाचे दिवस, भाताची खाचरं रिकामी, उतारांवर गवत पिवळं पडलेलं, मध्येच एखादी पांगाऱ्याची लाल फांदी. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर माझं गाव आहे, आणि डोंगर दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मेढ्याच्या महाविद्यालयातही नारळ मिळाला. प्राचार्यांनी कागद काढून वाचायला सुरुवात केली: “ज्ञानगंगेच्या या पावन तीरावर आपल्या पदस्पर्शाने...” मी दचकलो. पुढेही शब्दाला शब्द तोच मजकूर होता, अगदी परिसर पुलकित होण्यापर्यंत. नंतर चहाच्या वेळी तिथल्या ग्रंथपालांनी हळूच सांगितलं की हल्ली स्वागताची भाषणं, आभार आणि वार्षिक अहवाल सगळे सोबतीच लिहितो, वेळ वाचतो. मी मान डोलावली. दोन महाविद्यालयांचे प्राचार्य एकाच तोंडाने बोलतात याबद्दल कुठल्याही संगणकाने कधी संशय घेतला नव्हता. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हेही कबूल करतो.

मुक्काम सुमनताईंच्या घरगुती खाणावळीच्या माडीवर होता. नवरा मुंबईला गोदीत, या एकट्या सगळं बघतात. दुपारी त्यांनी नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ आणि वर लोण्याचा गोळा वाढला. मी जेवताना सोबतीला काहीतरी विचारतोय हे बघून त्या म्हणाल्या, “आवं सर, लाइटीच्या नव्या मीटरचा अर्ज ल्हील का त्यो? चार येळा ल्हिला म्या, चार येळा परत आला.”

लिहिला. त्या खूश झाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली. संधी साधून मी चौकशी केली.

“ताई, जानेवारीत इथे कोणी बाहेरची माणसं आली होती का?”

“हितं कोण येतंया? स्ट्रॉबेरीच्या गाड्या, कपडं इकणारं, मेंढरंवालं. झालं.”

मी वहीत लिहून घेतलं: 'स्ट्रॉबेरीवाले – शक्य. कापडवाले – दाट संशय. मेंढरंवाले –' आणि ते मी स्वतःच्या हाताने खोडलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. कधी स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं तर मी ते पान काढून बघतो.

रहिमतपूर, बुधवार

सकाळपासून मी वैतागलेला होतो. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागे आम्ही दीड तास सरपटलो. पुढे जायला जागा नाही आणि ट्रॅक्टरवरच्या कर्ण्याचं गाणं संपत नाही. रहिमतपुरात आणखी पाच दुकानं फिरून हात हलवत परत आलो. शिंद्यांनी माझं तोंड बघितलं.

“चला आमच्या मळ्यात. जेवल्यावर मानूस निराळा इचार करतो.”

विहिरीजवळच्या आंब्याखाली त्यांच्या पत्नीने पान वाढलं: मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. त्यांनाही सोबतीकडून गुडघ्याच्या व्यायामाची माहिती हवी होती, काढून दिली. समोर ज्वारी काढून मोकळं झालेलं रान होतं आणि त्यावर काळ्या बारीक लेंड्यांचा सडा पडला होता. मी हात धुताना बॅगेतला लिफाफा काढला आणि वैतागून म्हणालो, “हवालदार, तुम्ही या भागातले. या अकरा गावांत सारखं काय आहे ते सांगा बघू. पण कुणाला बोलू नका.”

त्यांनी चष्मा लावला. यादी वाचायला त्यांना चहाच्या दोन घोटांइतका वेळ लागला.

“सर, ह्यो तर मेंढरांचा रस्ता हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे मेंढरांचा रस्ता. दिवाळी झाली की आटपाडीकडनं धनगर निघत्यात. तिकडं पाणी न्हाई, चारा न्हाई. मग ह्या वाटंनं वर खंडाळ्यापातूर जायाचं, मेढ्यावरनं फिरायचं आन हिकडनं परत. ज्येच्या रानात मेंढरं बसवली त्येला खत मिळतं, त्यो दाणं देतो. ह्या रानात तीन दिस हुती की. परवा सकाळी हलली.”

मी त्या लेंड्यांकडे बघितलं. यादीतलं शेवटचं ठिकाण, ज्याच्यासाठी मी पाच दुकानं पालथी घातली होती, ते माझ्या ताटापासून वीस पावलांवर होतं.

“सोमवारीच का नाही बोललात?”

“तुमी गोपनीय म्हनाला,” शिंदे म्हणाले. “औंदा जरा नवलच हाय, सर. मेंढरं म्हयनाभर आधी परत फिरली. वर चारा हाय अजून. का फिरली ते आमालाबी उमगंना.”

त्या दिवशी संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली. आकडे माझ्यासमोर होते, अगदी बरोबर होते. माणूस एका जागी बसूनच शिकतो, एवढं एकच मी कुठेही न लिहिता धरून चाललो होतो.

पुसेसावळीच्या पुढे, गुरुवार

चालत्या कळपामागे जायला यादी लागत नाही. शिंदे गाडी थांबवून विचारायचे, “मेंढरं कवा गेली रं?” आणि रानातला माणूस न बघता हात करायचा. पुसेसावळी मागे पडली, ऊस विरळ झाला, माळ लागले आणि सांगली जिल्ह्याची पाटी गेली. साडेबाराच्या सुमाराला एका बाभळीच्या बनात कळप दिसला. तीन-चारशे मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून सावली करून बसलेल्या, तीन घोडी, कोंबड्यांच्या पाट्या आणि एका बाभळीखाली चार-पाच बायका. त्यांतली एक तिशीच्या आतली बाई मांडीवर वही आणि हातात मोबाइल घेऊन काहीतरी मोठ्याने वाचत होती.

“रूपाली तुम्हीच का?”

“व्हय. तुमी?”

मी ओळखपत्र दाखवलं. ती उठून उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला.

“सर, परीक्षेच्या फार्माचं काय झालं का?”

मी तीन पत्रांबद्दल सांगितलं. पत्रं घरी गेली असतील, ती म्हणाली; घराला दिवाळीपासून कुलूप आहे, पावसापर्यंत राहील. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, “पर सर, फोन का न्हाई केला? नंबर हाय की फार्मावर.”

चार दिवसांत इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात तिच्या सासूबाई, जनाबाई, पुढे आल्या. रूपाली त्यांना आत्या म्हणते. कपाळभर कुंकू, आवाज असा की तीनशे मेंढरं वळावीत.

“आधी बसू दे त्येस्नी. आवं मास्तर, बसा. उपाशी मानसाला काय सांगून काय कळायचं?”

त्यांनी हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं दिलं. पितळीतून एक घोट घेतला आणि मी थांबलो. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. चव थेट आमच्या पिठीची, फक्त नारळाविना. मग एकदम आठवलं. लहानपणी भात कापून झालं की आमच्या खाचरांतही मेंढरं येऊन बसायची. वडील त्या माणसांना भात द्यायचे, आई पिठी द्यायची. पावसाआधी ती निघून जायची आणि कुठे गेली विचारलं की वडील म्हणायचे, घाटावर. घाटावर म्हणजे कुठे, तिथे त्यांचं काय आहे, हे मी पन्नास वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मला ते आठवून वाईट वाटलं, आणि तसं मी त्या बायकांना सांगूनही टाकलं. जनाबाई म्हणाल्या, “आता इचारा की मग.”

रूपालीने सांगितलं. सकाळी चालायचं, चार वाजता पुन्हा चारायला न्यायचं, मध्ये मेंढरं बसली की तिचं कॉलेज. फोन घोड्यावरच्या सोलर पाटीवर चार्ज होतो. बारावी झाली आणि लग्न झालं. पदवीला नाव घातलं त्याला सहा वर्षं होत आली. दोनदा परीक्षेच्या वेळी कळप लांब होता, एकदा बाळंतपण. नोंदणीची सहा वर्षांची मुदत या जूनमध्ये संपते. यंदा नाही झालं तर मागचं सगळं जाणार.

“म्हणून औंदा समदी लवकर फिरली,” ती खाली बघत म्हणाली. “परीक्षेच्या टायमाला इट्याच्या केंद्राजवळ आसावं म्हणून. आत्यांनीच ठरावलं. मेंढरांचा चारा तिकडं हुता, सर.”

शिंद्यांनी माझ्याकडे बघितलं. तीनशे मेंढरांनी चारा सोडून एका बी. ए.च्या पेपरासाठी वाट बदलली होती, आणि आम्ही पुण्यात बसून तो गैरवापर ठरवला होता.

तिने वही दाखवली. डाव्या पानावर सोबतीचं उत्तर, उजव्या पानावर आत्या काय म्हणाल्या ते. खुरात पू झाल्यावर मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवावेत, असं सोबती म्हणाला. आत्या म्हणाल्या, बरोबर. मेंढ्या एकाच गोठ्यात ठेवल्यास हा त्रास टळतो, असंही तो म्हणाला. उजव्या पानावर आत्यांचं उत्तर होतं: 'त्येला सोताला पाय न्हाईत, त्येला चालायचं काय ठावं.' असली साठ पानं होती. हाच तिचा प्रकल्प. मी पंचवीस वर्षं प्रकल्प तपासतोय, पण यंत्राच्या उत्तराची अशी पानापानाला तपासणी केलेली मी पाहिली नव्हती. आमच्या दोन्ही प्राचार्यांनी तर कागद वाचण्याआधी बघितलाही नव्हता.

आता खुलासा लिहून घ्यायचा होता. त्याचा तीन पानी नमुना मी गोणपाटावर पसरला. त्याचा एक कोपरा मी बेसावध असताना एका कोकराने खाल्ला. उरलेला मी भरत गेलो. सातवा प्रश्न आला: 'सदर खाते अन्य कोणी व्यक्ती वापरते काय?' मला वाटलं, ती नाही म्हणेल आणि मी सुटेन.

“व्हय,” रूपाली म्हणाली.

मी पेन उचललं. “म्हणजे, फोन तुमच्याच हातात असतो ना? लोक फक्त तुम्हाला विचारतात?”

“न्हाई सर. मी सैपाकात आसले की आत्या सोता बोलत्यात त्येच्याशी. जावंची पोर अपूर्णांक इचारती. दिराच्या रजेचा अर्ज मामांजींनी ल्हिवून घेतला.”

“नीट विचार करून सांगा. यावर तुमची परीक्षा अवलंबून आहे.”

तिला सगळं कळलं होतं, ते दिसत होतं. तिने आत्यांकडे पाहिलं.

“खोटं कशापायी सांगायचं?” जनाबाई म्हणाल्या. “हितं येकलीचं काय आसतं, मास्तर? पान्याचा हंडा समद्यांचा, चूल समद्यांची. हिला पुस्तक वाचाया येळ मिळावा म्हून हिची मेंढरं दुसरी राखती. मग हिचं यंतर दुसरीनं नगं वापराया?”

“ल्ह्या सर,” रूपाली म्हणाली. “खरं हाय त्ये.”

मी 'होय' लिहिलं. परतताना शिंद्यांनी कर्णकर्कश गाण्याच्या ट्रॅक्टरमागे तासभर निमूट गाडी चालवली.

पुणे, शुक्रवार

अकराला समितीची बैठक होती. दहाला मी ईमेल उघडली, तर पहिलंच पत्र समितीचं. 'आपले खाते गेल्या चार दिवसांत अनेक ठिकाणांहून, प्रामुख्याने दुपारच्या वेळेत वापरले गेल्याचे निदर्शनास आले आहे. विचारलेल्या प्रश्नांचे स्वरूप पाहता (हुमणी, वीजमीटर, गुडघेदुखी, तिखट) सदर खाते एकापेक्षा अधिक व्यक्ती वापरत असल्याचा संशय आहे. खुलासा करावा.' कंसातला तपशील सोडला तर सगळी भाषा माझी होती. नोटिशीचा मसुदा मीच केला होता.

मी खुलाशाचा नवा नमुना घेतला आणि सातव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं.

बैठकीत मी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, वरचा कोपरा खाल्लेला. अध्यक्षांनी रूपालीचा वाचला आणि म्हणाले, “अहो, कबूलच केलंय. नियम म्हणजे नियम.” मग त्यांनी खालचा उचलला. वाचला, पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“माझाही तोच गुन्हा आहे,” मी म्हणालो. “तिचं खातं बंद करायचं तर माझंही करा. तिचा अर्ज नाकारायचा तर माझाही राजीनामा घ्या. आणि आता इथे प्रत्येकाने सातव्या प्रश्नाचं उत्तर लिहावं, अशी माझी सूचना आहे.”

मी तसा भांडखोर माणूस नाही. पण तीनशे मेंढरं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मग कोपऱ्यातल्या एक बाई म्हणाल्या की त्यांच्या खात्यावर मुलीने लग्नपत्रिका लिहून घेतली. दुसऱ्यांनी सोसायटीची नोटीस सांगितली. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि कबूल केलं की त्यांचा नातू त्यावर डायनॉसोरबद्दल विचारतो, रोज.

दुपारी सातवा प्रश्न नमुन्यातून काढून टाकायचा ठराव झाला. रूपालीचं खातं चालू राहिलं, तिचा परीक्षा अर्ज त्याच बैठकीत मंजूर झाला आणि विट्याच्या केंद्रावर तिचा क्रमांक पडला. मी मंजुरीचा शिक्का स्वतः मारून घेतला. पोस्टावर माझा आता तेवढा विश्वास राहिला नव्हता.

मग मी ते केलं जे सोमवारी सकाळी करायला हवं होतं. फोन लावला. बारा वाजून गेले होते, मेंढरं बसली असणार. रूपालीने ऐकून घेतलं. पलीकडून मेंढरांचं बेंबें तेवढं येत होतं. मग फोन दुसऱ्या हातात गेला.

“मास्तर,” जनाबाई म्हणाल्या, “पोरगी रडाया लागलीय, चांगलंच रडतीया. पेपर झालं की या एकदा जेवाया. तुमच्या नारळाचं माडगं करू.”

“येतो की. कुठे येऊ? पत्ता सांगा.”

“त्यो कुनाला ठावं?” त्या म्हणाल्या. “तुमी निगा. शिंद्यास्नी म्हनावं, मेंढरं कवा गेली ते इचारत या.”